गोष्ट कळली, मग कादंबरी कशाला?

गेल्या उन्हाळी सुटीत नववीच्या मुलांना मी एक काम दिले होते. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' वाचायची आणि शाळा सुरू झाली की तिच्यावर दोन पाने लिहून आणायची. शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकाच्या सहा प्रती आहेत, गावातल्या वाचनालयात आणखी तीन-चार मिळतात. आळीपाळीने वाचा, म्हणून सांगितले होते. एकतीस वह्या आल्या. त्यांतल्या सात वह्यांमध्ये तीच वाक्ये, त्याच क्रमाने. 'सदर कादंबरी ग्रामीण जीवनाचे वास्तववादी चित्रण करते' ही शेवटची ओळदेखील सातही ठिकाणी एकच. मजकूर मोबाईलवरून उतरवला होता हे सांगायला मुख्याध्यापक असण्याची गरज नव्हती.

सातही जणांना बोलावून घेतले. सहा जणांनी माना खाली घातल्या. सातव्याने घातली नाही. तो उद्धट मुलगा नव्हे. गणितात हुशार, बोलायला सरळ. तो म्हणाला, "सर, गोष्ट मला कळ्ळी की. मग पुस्तक कशाला वाचायचं?"

मी म्हणालो, "परीक्षेत विचारतील."

"परीक्षेत पण गोष्टच विचारतात की, सर."

त्याला मी वर्गात पाठवून दिले, परंतु त्याचा प्रश्न खोलीतच राहिला. गेली तीस वर्षे मी मराठी शिकवतो. एम.ए.ला कादंबरी हा साहित्यप्रकार अभ्यासला, तिच्या घटकांवर नोट्स काढल्या, पुढे मुलांनाही त्या उतरवून दिल्या. आणि एका चौदा वर्षांच्या मुलाला देण्याजोगे उत्तर माझ्यापाशी नव्हते. डिजिटल युगात कादंबरीलेखनाला काही अर्थ उरला आहे काय, हा प्रश्न परिसंवादांतून बरेचदा चर्चिला जातो. तिथे वक्ते 'पुस्तक अमर आहे' असे म्हणतात, टाळ्या होतात आणि सगळे घरी जाऊन मोबाईल उघडतात. मला त्या प्रश्नाचा विचार त्या मुलाच्या शब्दांत करावासा वाटतो.

पहिली गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या सात वह्यांतला सारांश अचूक होता. औंध संस्थानातल्या धनगरांच्या एका लहानशा वस्तीवर तरुण मास्तर येतो. मेंढरांमागे जाणारी पोरे हळूहळू शाळेत येऊ लागतात. कारभाऱ्याच्या आधाराने मास्तर वस्तीत रुजतो. गाव एक होऊन तालीम बांधते. मग दुष्काळ पडतो, माणसे जगायला बाहेर पडतात, वाडी ओस पडते आणि मास्तरही निघतो. यात चूक कुठे आहे? मी स्वतः वर्गात याहून वेगळे काय सांगत आलो? 'कथानक', 'पात्रचित्रण', 'वातावरण', 'भाषाशैली' अशी चार खोकी करून त्यांत कादंबरी भरायची आणि मुलांच्या हवाली करायची, हे आम्ही शिक्षकांनी मोबाईल येण्याच्या कितीतरी आधी सुरू केले. बाजारातल्या गाईडांनी तेच केले. आमच्या दिवाळी अंकांतल्या पुस्तक-परीक्षणांनीही पुष्कळदा तेच केले: तीन पाने कथानक, शेवटी दोन ओळी 'वाचनीय झाली आहे'. कादंबरी म्हणजे तिची गोष्ट, हे त्या मुलाला मोबाईलने शिकवले नाही. आम्ही शिकवले. मोबाईलने फक्त ती गोष्ट फुकट आणि लवकर दिली.

आता दुसरी बाजू. कादंबरीच्या मुळावर काहीतरी येत आहे, ही ओरड नवी नाही. मुळात 'कादंबरी' हा शब्दच पाहा. बाणभट्टाच्या सातव्या शतकातल्या संस्कृत कथेचे नाव आपण साऱ्या प्रकारालाच देऊन टाकले. हिंदीत 'उपन्यास', गुजरातीत 'नवलकथा'. पण मराठीत 'कादंबरी' आणि कन्नडमध्येही 'कादंबरी'च. दोन भाषांच्या वादात वाढलेल्या आमच्या भागातल्या मुलांना हे सांगितले की ती चकित होतात. मराठीतली पहिली स्वतंत्र कादंबरी म्हणून जिचे नाव घेतात ती 'यमुनापर्यटन' १८५७ सालची, आणि तिचे लेखक बाबा पदमनजी यांचा जन्म बेळगावचा, १८३१चा. विधवांची दुःखे लोकांपुढे मांडावीत हा तिचा हेतू. पुढे हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' काढले आणि 'पण लक्षात कोण घेतो?' त्यातून क्रमशः छापली. दर आठवड्याला लोक पुढच्या भागाची वाट पाहात. आज मोबाईलवर 'प्रतिलिपी'सारख्या ठिकाणी भागाभागाने कादंबऱ्या वाचणाऱ्या गृहिणींना जे नावे ठेवतात, त्यांनी हे आठवावे. नंतर सिनेमा आला, रेडिओ आला, दूरदर्शन आले. प्रत्येक वेळी कादंबरीचे दिवस भरले असे म्हटले गेले आणि प्रत्येक वेळी तिने आपले थोडे सामान खाली ठेवून पुढची वाट धरली.

पण एवढ्यावर समाधान मानून मी हा लेख संपवला तर ती अप्रामाणिकता होईल. कारण या वेळचा फरक मी स्वतःवर अनुभवला आहे. गेल्या वर्षी एक जाडजूड कादंबरी मी हौसेने विकत आणली. तीन महिने ती उशाशी होती आणि खूण बासष्टाव्या पानावरून हलली नाही. कादंबरी कंटाळवाणी नव्हती. दोन पाने झाली की हात आपोआप मोबाईलकडे जाई. शिक्षकांच्या गटावर काही आले का, मुलीचा संदेश आहे का. परत यावे तो मागचा परिच्छेद विसरलेला. सिनेमाने आपली संध्याकाळ घेतली होती, दूरदर्शनने रात्र घेतली होती. मोबाईलने सलग असा वेळच ठेवला नाही. दिवसाचा त्याने चुरा केला. आणि कादंबरी ही वेळाच्या चुऱ्यावर जगणारी वस्तू नाही. ज्याला मराठी शिकवण्याचा पगार मिळतो त्याची ही गत, तर त्या पोराला काय बोलायचे?

म्हणून प्रश्न असा करावा लागतो: कादंबरी जे देते त्यातले काय काय आता दुसरीकडे मिळते, आणि काय मिळत नाही?

माहिती मिळते. एके काळी कोळ्यांचे, धनगरांचे, गिरणी कामगारांचे जीवन शहरी वाचकाला कादंबरीतून कळे. आज कुठल्याही वस्तीचे चित्रण पाच मिनिटांत पाहता येते. रहस्य, थरार, प्रेमकथेतला ताण हे सारे मालिकांत मिळते, आणि चांगले मिळते. समाजाला उपदेश तर उठल्याबरोबर मोबाईलवर हजर असतो. तेव्हा नुसती माहिती देणारी, नुसती उत्कंठा वाढवणारी, नुसता संदेश सांगणारी कादंबरी मागे पडली तर मी अश्रू ढाळणार नाही. आता तर यंत्रही मागाल त्या विषयावर कादंबरीवजा मजकूर लिहून देते. ठरावीक साच्यातला गाव, ठरावीक सावकार, ठरावीक शेवट ते छान जुळवते. आमच्यातले काही लेखक हे काम वर्षानुवर्षे हाताने करीत होते, इतकाच फरक.

काय मिळत नाही, हे सांगण्यासाठी आपल्याच भागातले उदाहरण घेतो. सौंदत्तीच्या यल्लम्माचा डोंगर बेळगाव जिल्ह्यात. तिथे मुली-मुलगे सोडण्याची चाल आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने डोळ्यांनी पाहिली. कर्नाटकात १९८२ साली तिच्याविरुद्ध कायदा झाला. त्याच दशकात गडहिंग्लजकडच्या राजन गवसांनी 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या दोन कादंबऱ्या लिहिल्या. पहिलीत देवीला सोडलेली सुली आहे, दुसरीत जोगता झालेला तायाप्पा. पुढे या दोन कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची 'दर्शन' ही कथा यांच्या आधारे २००९ साली राजीव पाटलांचा 'जोगवा' हा चित्रपट आला. उत्तम चित्रपट. उपेंद्र लिमये यांना तायाप्पासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 'जीव रंगला' हे गाणे घरोघरी गेले. हजारो लोकांना ही प्रथा चित्रपटामुळे कळली, हे मान्यच केले पाहिजे.

पण चित्रपटाने काय केले ते पाहा. दोन वेगवेगळ्या पुस्तकांत एकएकटी जगणारी दोन माणसे त्याने एकत्र आणली आणि त्यांना एकमेकांचा आधार दिला. चित्रपटाला ते करावेच लागते. अंधारात दोन-अडीच तास बसलेल्या प्रेक्षकाला कुठेतरी उजेड दाखवावा लागतो. कादंबऱ्यांत मात्र सुली वेगळ्या पुस्तकात आहे आणि तायाप्पा वेगळ्या. त्यांचे दुःख एकसारखे आहे, तरी ती एकमेकांना भेटत नाहीत. हे एकटेपण वाचकाला सोसावे लागते, पान उलटून उलटून. अंगावर लुगडे आलेल्या पुरुषाला चित्रपटात आपण बाहेरून पाहतो आणि हळहळतो. कादंबरीत ते लुगडे आपल्याला आतून लागते. गावातल्या वाटेवरून जाताना कुणाची नजर कुठे लागली, हे तायाप्पाबरोबर आपल्यालाही कळू लागते. दया दाखवण्याइतके अंतर आपल्याजवळ उरत नाही. माझ्या मते हे काम अजून दुसऱ्या कुठल्याही माध्यमाला तितके साधलेले नाही: दुसऱ्या माणसाच्या मनात दीर्घकाळ राहायला लावणे, आणि तेही त्याच्याच भाषेत.

'त्याच्याच भाषेत' या शब्दांवर मला थोडे थांबायचे आहे, कारण सीमाभागातल्या वाचकाच्या दृष्टीने खरा मुद्दा इथे आहे. आपल्या घरांतून मराठी बोलली जाते. पण ती कुठवर जाते? दुकानात आणि कचेरीत कन्नड, शाळेत दिवसेंदिवस इंग्रजी, मोबाईलवर इंग्रजी अक्षरांत लिहिलेले मोडके मराठी. उरते ती स्वयंपाकघरातली, देवळातली आणि भांडणातली मराठी. 'जेवलास काय', 'कवा आलाय', 'गाडी काढ' एवढ्यावर दिवस निघतो. एवढ्या शब्दांत संसार चालतो, परंतु एखाद्या माणसाला आपल्या बापाविषयी काय वाटते, अपमान झाल्यावर रात्री मनात काय काय येते, हे सांगायला ते शब्द पुरत नाहीत. ते मग सांगितलेच जात नाही. भाषेच्या हक्कासाठी आपण मोर्चे काढले, त्यासाठी माणसांनी सोसले, त्याचे मोल कमी नाही. परंतु फलकावरची मराठी टिकली आणि मनातली आखडली, तर त्या विजयाचे काय करायचे? भाषेची सगळी दालने एकाच वेळी उघडी ठेवणारे घर म्हणजे कादंबरी. कारभाऱ्याची मराठी, पोराची मराठी, सावकाराची, भ्यालेल्या बाईची, मनाशी पुटपुटणाऱ्या माणसाची. 'चौंडकं' वाचताना आमच्या शाळेतल्या एका सहशिक्षिका म्हणाल्या, "सर, हे आमच्या आजीचं बोलणं. हे असं छापतात, हे मला ठाऊकच नव्हतं." स्वतःच्या बोलीची लाज वाटून शुद्ध बोलू पाहणाऱ्या आपल्या भागातल्या माणसाला याहून मोठा दिलासा कोणता?

दुसरे उदाहरण भालचंद्र नेमाड्यांच्या 'कोसला'चे. १९६३ सालची ही कादंबरी. पांडुरंग सांगवीकर जगाची, कॉलेजची, घराची आणि स्वतःचीही टर उडवत असतो. कितीतरी पाने आपण त्याच्या त्या थट्टेखोर बोलण्याच्या संगतीत काढतो, हसतो, कधी वैतागतोही. आणि मग त्याची धाकटी बहीण मनी देवीच्या आजाराने जाते. तीच भाषा, तोच माणूस. पण आता त्या भाषेला काय करावे ते सुचत नाही. वाचणाऱ्याचा श्वास अडकतो तो मनीच्या मरणाने जेवढा, तेवढाच त्या भाषेच्या अडखळण्याने. 'नायकाच्या बहिणीचा मृत्यू होतो' हा सारांश खरा आहे, पण त्याने कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. कारण त्याआधीची पाने आपण त्याच्याबरोबर घालवलेली नसतात. कादंबरीतला अनुभव असा आधीच्या पानांवर उभा असतो. मधली पाने काढून घेतली तर वरचा मजला खाली येतो.

इथे 'बनगरवाडी'कडे परत येतो. सारांशात वाडी एका वाक्यात ओस पडते. पुस्तकात ती हळूहळू ओस पडते, आणि तोवर त्या माणसांशी आपली ओळख झालेली असते. पुस्तक मोठे नाही. दोन दिवसांत संपते. म्हणजे पानांची संख्या हा मुद्दा नाही. त्या दोन दिवसांत वाडीचे सुगीचे आणि ओढग्रस्तीचे दिवस आपल्या अंगावरून गेलेले असतात, म्हणून शेवटची शांतता आपली होते. त्या मुलाला मी तेव्हा द्यायला हवे होते ते उत्तर असे: बाळ, तुला गोष्ट कळली, वाडी सोडताना मास्तरला काय वाटले असेल ते तुला माहीत नाही. आणि ते एका वाक्यात सांगता येत असते तर माडगूळकरांनी एक वाक्यच लिहिले असते.

यंत्राविषयी माझ्या मनात राग नाही, हेही नमूद करतो. बेळगावात जन्मलेल्या उमा कुलकर्णी यांनी भैरप्पांच्या कन्नड कादंबऱ्या मराठीत आणल्या, त्या कशा? त्यांच्या यजमानांनी, विरूपाक्षांनी, कन्नड मजकूर वाचून ध्वनिमुद्रित करून द्यायचा आणि तो ऐकून यांनी मराठीत उतरवायचा. 'वंशवृक्ष', 'पर्व' हे आपल्या घरांत पोचले त्यात त्या ध्वनिफितींचाही वाटा आहे. २०२५ साली भैरप्पा गेले तेव्हा अनेक मराठी घरांना आपलाच लेखक गेल्यासारखे वाटले. कादंबरी कानांनीही वाचता येते, याचा आणखी पुरावा कशाला? माझ्या आईला मोतीबिंदूमुळे बारीक अक्षर दिसत नाही. माझ्या मुलीने तिला मोबाईलवर पुस्तके ऐकायला शिकवले. आता दुपारी ती डोळे मिटून रणजित देसायांची 'स्वामी' ऐकते. तासाभराच्या वाटेवरच्या कोवाडला बसून देसायांनी लिहिलेली ही कादंबरी पूर्वी माझे वडील तिला स्वयंपाकघरात वाचून दाखवीत. "तुझ्या बाबांचा आवाज याहून बरा होता," एवढीच तिची तक्रार आहे. तेव्हा पडदा की कागद, हा वाद मला गौण वाटतो. सलगपणा राहतो की नाही, हे महत्त्वाचे.

यातून लेखकांवरही एक जबाबदारी येते. जी कादंबरी पाच ओळींत सांगून संपते, ती पाच ओळींतच वाचली जाईल. तिने तक्रार करू नये. आपल्या भागातल्या लिहित्या मंडळींना माझे सांगणे आहे की, दोन भाषांच्या उंबऱ्यावर राहणाऱ्या माणसाच्या मनाची उलघाल अजून पुरती लिहिली गेलेली नाही. घरी मराठी आणि परीक्षेत कन्नड असलेला मुलगा, कन्नड घरातून मराठी घरात आलेली सून, मोर्चात घोषणा देऊन संध्याकाळी कन्नड शेजाऱ्याच्या ओट्यावर चहा पिणारा माणूस. या माणसांच्या बातम्या होतात, भाषणे होतात. त्यांच्या मनात वर्षभर राहून कुणी लिहिले, तर तो मजकूर उतरवायला मुलांना मोबाईलवर सापडणार नाही.

शाळेत आम्ही काय केले ते सांगून थांबतो. फार काही नाही. शनिवारचा शेवटचा तास नववीला वाचनाचा ठेवला. मोबाईल शाळेत नसतोच; मीही माझा कार्यालयात ठेवून जातो. लिहून आणायचे नाही, प्रश्नोत्तरे नाहीत. मी 'बनगरवाडी' मोठ्याने वाचतो, मुले ऐकतात. पहिल्या दोन शनिवारी निम्मा वर्ग पेंगला. तिसऱ्या शनिवारी अथणीकडून आलेला एक मुलगा, ज्याच्या घरी कन्नड बोलतात आणि ज्याचे पाहुणे अजून मेंढरे घेऊन हिंडतात, मध्येच म्हणाला, "आमच्या आज्जाचं गाव असंच हाय, सर." मग वर्ग जरा सावरून बसला. पुस्तक संपायला पावसाळा पुरा गेला. साऱ्यांना वाचनाची गोडी लागली असा दावा मी करणार नाही. तिघा-चौघांनी ग्रंथालयातून दुसरे पुस्तक नेले, एवढीच नोंद आहे. माझ्या उशाशी असलेल्या पुस्तकाची खूण मात्र आता दोनशेच्या पुढे गेली आहे.

शेवटच्या शनिवारी वाडी ओस पडली, मास्तर निघाला, मी पुस्तक मिटले. घंटा झाली तरी तो गणितातला हुशार मुलगा बाकावरच बसून होता. जाता जाता त्याने विचारले, "सर, मास्तर पुढं कुठं गेला? तिथं शाळा भरली काय?"

पुस्तकात ते नाही, असे मी सांगितले. त्याला ते पटले नाही. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सोमवारी सकाळी त्याने ग्रंथालयातून 'बनगरवाडी'ची प्रत नेली.